घाट उतरताना मांड्या का भरतात?

रहिमतपूरहून सातारा हिल हाफ मॅरेथॉनला जाणाऱ्यांना कळकळीने सांगतो: चढाइतकाच उताराचाही सराव करा. यवतेश्वरचा घाट चढताना दम काढतो. मांड्या मात्र भरतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू शरीराला आवर घालता घालता ताणला जातो, त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ठणका बहुधा २४ ते ७२ तासांत सर्वाधिक असतो. लोक लॅक्टिक ॲसिडला दोष देतात. पण रक्तातलं लॅक्टेट धावणं थांबल्यावर साधारण तासाभरात पूर्वपदावर येतं. दिलासा हा, की उतारावरचं एखादं बेताचं धावणंही स्नायूला पुढचे काही आठवडे बऱ्यापैकी संरक्षण देतं. ते शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी उरका. शेवटच्या आठवड्यात नको.