जुन्या मोटारीचे दिवे व त्यांची घरगुती सुधारणा

रात्रीं मोटार हांकणाऱ्या मनुष्याचे खरे डोळे म्हणजे त्याच्या मोटारीचे पुढील दिवे होत. दिवसा ज्या रस्त्यानें आपण निर्धास्तपणें जातों, त्याच रस्त्यावर रात्रीं एखादा खळगा, दिवा नसलेली बैलगाडी, उंसाची ट्रॉली किंवा कडेनें चालणारा वाटसरू अकस्मात् पुढें उभा राहतो. आपल्यापैकीं कित्येकांच्या घरीं कुर्ल्यास तयार झालेली प्रीमियर पद्मिनी, किंवा बंगाल्यांत उत्तरपाडा येथें २०१४ पर्यंत तयार होत असलेली ॲम्बॅसडर आजोबांची आठवण म्हणून जपून ठेविलेली असेल. अशा मोटारींच्या मालकांची नेहमींची तक्रार ही कीं, दिवे मंद आहेत. मग बाजारांतून अधिक वॅटचे बल्ब आणून बसविण्यांत येतात, व तेवढ्यानें काम झालें असें मानण्यांत येतें. हा उपाय धोक्याचा कां, व खरा उपाय घरच्या घरीं कसा करावा, याचें विवेचन येथें करावयाचें आहे. पदार्थविज्ञानाच्या तासास शिकलेल्या दोन-तीन नियमांपलीकडे त्यास कांहीं लागत नाहीं.

प्रथम उजेड किती दूरवर हवा तें पाहूं. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी मोटार एका सेकंदांत सुमारें १७ मीटर अंतर कापते. धोका दिसल्यापासून ब्रेक लागूं लागेपर्यंत दीड सेकंद जातो असें धरल्यास तेवढ्यांत २५ मीटर संपतात. पुढें वेग दर सेकंदास ५ मीटरनें घटत गेला असें मानल्यास मोटार थांबावयास आणखी सुमारें २८ मीटर लागतात. एकंदर ५३ मीटर झाले. याचा अर्थ असा कीं, ज्याच्या दिव्यांचा उजेड ५३ मीटरांच्या अलीकडेच संपतो, तो मनुष्य ह्या वेगानें जात असतां आंधळ्याप्रमाणेंच जात असतो. समोरचा वाटसरू त्यास दिसेल, परंतु त्यास वांचवितां येणार नाहीं.

आतां दिव्याची रचना लक्षांत घ्यावी. वरील दोन्ही मोटारींचा दिवा वाटोळा, सात इंच व्यासाचा असतो. मागें अन्वस्त आकाराचा चकचकीत परावर्तक, त्याच्या मध्यभागीं बल्ब, व पुढें रेघा असलेली कांच, हे त्याचे तीन भाग. परावर्तकाच्या नाभीपासून निघालेले किरण परावर्तनानंतर समांतर होऊन दूर जातात, हें आपण अंतर्गोल आरशाच्या धड्यांत शिकलांच आहां. एच-४ जातीच्या हॅलोजन बल्बांत दोन तंतु असतात. ६० वॅटचा तंतु नाभीपाशीं असतो. त्याचा झोत सरळ दूरवर जातो व त्यास चालक लोक अपर म्हणतात. दुसरा ५५ वॅटचा तंतु नाभीच्या किंचित् पुढें असून त्याच्या खालीं धातूची एक चिमुकली वाटी असते. वाटीमुळें प्रकाश परावर्तकाच्या केवळ वरच्या अर्ध्या भागावर पडतो व तेथून खालीं रस्त्याकडे वळतो. हाच डिपर. एवढ्याशा वाटीच्या योगानें समोरून येणाऱ्याचे डोळे सुरक्षित राहतात.

कांहीं जुन्या मोटारींत कांच, परावर्तक व तंतु हीं सर्व एकजीव करून बंद केलेला दिवा असतो. अमेरिकेंत १९४० च्या मोटारींपासून ही पद्धत रूढ झाली. असा दिवा काढून त्याच मापाचा, एच-४ बल्ब घेणारा कांचेचा दिवा बसवितां येतो, व ही सुधारणा फार उपयुक्त आहे. मात्र विकत घेतांना तो डाव्या बाजूनें चालणाऱ्या वाहतुकीसाठीं बनविलेला आहे, याची खात्री करून घ्यावी. आपल्याकडील डिपरचा झोत डाव्या कडेस थोडा वर चढतो, म्हणजे पदपथावरील मनुष्य दिसतो. उजव्या बाजूनें चालणाऱ्या देशांसाठीं बनविलेला दिवा याच्या उलट, उजवीकडे वर चढतो, व येथें तो नेमका समोरच्या चालकाच्या डोळ्यांत शिरतो.

दिव्यास हात लावण्यापूर्वीं त्याची स्वच्छता करावी. बाहेरची कांच साबणाच्या पाण्यानें धुवावी. आंतील परावर्तक मात्र फडक्यानें कदापि घासूं नये. त्यावरील ॲल्युमिनियमचा पातळ थर लागलाच निघून येतो. तो काळवंडला किंवा गंजला असेल, तर दिवा बदलणें हाच उपाय होय. अशा दिव्यांत कितीहि चांगला बल्ब घातला तरी तो व्यर्थ जातो.

यानंतर मुख्य रोगाकडे वळूं. तंतूच्या दिव्याचा एक विलक्षण गुण असा आहे कीं, विजेचा दाब एक-दशांशानें कमी झाला, तर प्रकाश सुमारें तीन-दशांशानें कमी होतो. कारण तंतु थोडाहि थंड पडला कीं त्यापासून उष्णता निघत राहते, पण प्रकाश झपाट्यानें घटतो. बॅटरीवर १३.५ व्होल्ट असून बल्बापाशीं १२ व्होल्टच पोंचले, तर जवळजवळ एक-तृतीयांश उजेड वाटेंतच हरवला असें समजावें.

तो हरवतो कोठें? पुष्कळ जुन्या मोटारींत दिव्यांची सर्व वीज बॅटरीपासून डॅशबोर्डावरील स्विचापर्यंत, तेथून अपर-डिपरच्या स्विचापर्यंत, व तेथून पुन्हां पुढें दिव्यापर्यंत बारीक तारेनें प्रवास करते. दोन्ही दिव्यांचे डिपर मिळून ११० वॅट होतात. त्यांस १२ व्होल्टांनीं भागिलें असतां सुमारें ९ अँपिअर प्रवाह येतो. वर्षानुवर्षें झिजलेले स्विच, हिरवट पडलेलें तांबें व सैल जोड यांचा रोध ०.१५ ओहम इतका अल्प असला, तरी ओहमच्या नियमाप्रमाणें ९ गुणिले ०.१५ म्हणजे १.३५ व्होल्ट नाहींसे होतात. हे व्होल्ट त्या स्विचांत व जोडांत उष्णता होऊन प्रकट होतात. दिवे लाविल्यावर स्विच गरम लागतो किंवा जळका वास येतो, त्याचें कारण हेंच होय.

याची परीक्षा अगदीं सोपी आहे. इंजिन चालू ठेवून दिवे लावावे. मल्टिमीटरनें प्रथम बॅटरीच्या दोन टोकांमधील दाब मोजावा, व मग बल्ब जोडलेला असतांनाच त्याच्या होल्डरच्या दोन टोकांमधील दाब मोजावा. दोहोंत अर्ध्या व्होल्टाहून अधिक अंतर दिसलें, तर दोष बल्बांत नसून वाटेंत आहे. पुष्कळदां दोष अर्थच्या तारेंत असतो. तिचा सांगाड्यावरील जोड सोडून पॉलिशकागदानें उजळ करावा व घट्ट आवळावा. एवढ्यानेंहि कित्येक दिवे प्रसन्न होतात.

तरीहि अंतर राहिलें, तर रिले बसवावे. रिले म्हणजे विद्युच्चुंबकानें चालणारा स्विच. त्याच्या टोंकांवर आंकडे कोरलेले असतात. ८५ व ८६ हीं चुंबकाच्या वेटोळ्याचीं टोंकें. ३० हें वीज आंत येण्याचें व ८७ हें बाहेर जाण्याचें टोंक. दिव्याकडे येणारी जुनी तार ८६ ला जोडावी व ८५ पासून सांगाड्यास अर्थ द्यावी. बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची नवी तार १५ अँपिअरच्या फ्यूजमधून ३० ला आणावी, व ८७ पासून तितकीच जाड तार दिव्यांस न्यावी. अपरसाठीं एक व डिपरसाठीं एक, असे दोन रिले व दोन फ्यूज लागतात. आतां जुन्या स्विचांतून केवळ वेटोळ्यास लागणारा अत्यल्प प्रवाह जातो, व दिव्याची खरी वीज जवळच्या वाटेनें पोंचते.

हें काम करतांना तीन गोष्टी पाळाव्या. आरंभीं बॅटरीची अर्थची तार सोडून ठेवावी. फ्यूज बॅटरीच्या अगदीं जवळ असावा. कारण फ्यूजच्या अलीकडे तार घासून सांगाड्यास लागली, तर तिला आवरणारें कांहींच नसतें व मोटार पेट घेऊं शकते. पत्र्याच्या भोंकांतून तार नेतांना तेथें रबरी ग्रोमेट घालावें.

आतां बल्बाचा विचार. बाजारांत १०० व ९० वॅटचे बल्ब मिळतात. अशा दोन बल्बांचा अपर लाविला कीं प्रवाह जवळजवळ १७ अँपिअर होतो. जुनी तार व होल्डर त्यानें वितळतात, व ज्या मोटारींत अल्टरनेटर नसून डायनॅमो आहे, त्यांत बॅटरीहि लवकर उतरते. ६० व ५५ वॅटचा चांगला बल्ब पूर्ण दाबावर चालला, तर तो पुरेसा होतो. बसवितांना त्याच्या कांचेस बोट लावूं नये. बोटांचा तेलकट अंश राहिल्यास ती जागा अतिशय तापून बल्ब लवकर निकामी होतो.

जुन्या दिव्यांत एलईडी बल्ब घालण्याचा मोह हल्लीं अनेकांस होतो. परंतु परावर्तक विशिष्ट आकाराच्या तंतूसाठीं, विशिष्ट जागेसाठीं घडविलेला असतो. त्याचें नाभीय अंतर ३० मिलिमीटर धरल्यास, प्रकाशाचें उगमस्थान १ मिलिमीटर बाजूस सरकलें तरी झोत सुमारें दोन अंशांनीं कलतो, म्हणजे १० मीटरांवर ३३ सेंटीमीटर. एलईडीच्या चपट्या पट्टीचा आकार तंतूसारखा नसल्यामुळें झोत विस्कटतो. चालकास जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो व तो समाधान पावतो. पण दूरचें कमी दिसतें, व समोरच्याचे डोळे दिपतात.

शेवटचें काम सर्वांत महत्त्वाचें, व तेंच बहुधा राहून जातें. तें म्हणजे झोत नीट लावणें. चाकांत हवा बरोबर भरून, चालकाच्या जागीं मनुष्य बसवून, सपाट जमिनीवर मोटार भिंतीपासून १० मीटरांवर उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूनें आंखावी. एक दिवा झांकून दुसऱ्याचा डिपर लावावा, व त्याच्या उजेडाची वरची आडवी कड त्या रेघेच्या १० सेंटीमीटर खालीं येईल असे पेंच फिरवावे. अंगण लहान असल्यास ५ मीटरांवर ५ सेंटीमीटर धरावे. दिवा जमिनीपासून ६५ सेंटीमीटर उंच असला, तर असा झोत ६५ मीटरांपर्यंत पोंचतो. तोच पेंच चुकून १० च्या जागीं २० सेंटीमीटर खालीं लागला, तर झोत साडेबत्तीस मीटरांवरच संपतो. थांबण्यास लागणारे ५३ मीटर येथें आठवावे. वाटसरूचा जीव त्या १० सेंटीमीटरांत असतो.

उलटपक्षीं झोत वर ठेविला, तर आपणांस दूरचें दिसतें खरें, परंतु समोरचा चालक क्षणभर आंधळा होतो, व तो आंधळा मनुष्य आपल्याच दिशेनें येत असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतहि हीच दृष्टि आहे: ८ मीटर पुढें, १.५ मीटर उंचीवर असलेला डोळा दिपतां कामा नये, इतका झोत खालीं असावा. सबब आपला उजेड वाढवितांना तो दुसऱ्याच्या डोळ्यांतून काढून घेतलेला नाहीं ना, हें प्रत्येकानें पाहावें.

विद्यार्थिमित्रांनो, मोजणी, हिशेब व भिंतीवरील रेघ हीं कामें तुम्ही आनंदानें करावीं; बॅटरी व तारांचें काम मात्र वडील मंडळींच्या देखरेखीशिवाय करूं नये. आणि पालकांस विनंती अशी कीं, मुलांस अशा वेळीं जवळ उभें करावें. ओहमचा नियम फळ्यावर जितका समजतो, त्याहून अधिक तो बॉनेटखालीं समजतो. आणि समोरून मोटार येतांच वडिलांचा हात डिपरकडे जातो, हें पाहून मूल जें शिकतें, तें कोणत्याहि तासास शिकवितां येत नाहीं.