मांजराचा दात आणि घटसर्पाचा जंतू

गारगोटीच्या बाजारात परवा एका परिचिताचा, मांजर चावल्यानंतर रात्रीतून टरारून सुजलेला हात पाहिला आणि स्मरण झाले, की भुदरगडचे शेतकरी पावसाळ्यापूर्वी ज्या घटसर्पाची लस जनावरांना टोचून घेतात, त्याच्या जंतूच्याच जातीचा ‘पाश्चरेला मल्टोसिडा’ बहुसंख्य मांजरांच्या मुखात निरुपद्रवीपणे नांदत असतो.

(पाश्चरने १८८० साली कोंबड्यांच्या कॉलऱ्यावरील लस जगापुढे मांडली, तीही याच जंतूची.)

कुत्र्याचा चावा भयंकर दिसतो खरा. परंतु मांजराचा सुईसारखा दात जंतूंना थेट सांध्यापर्यंत पोहोचवतो, वरची जखम मिटते आणि मधुमेही किंवा प्लीहा काढलेल्या माणसाच्या बाबतीत प्रकरण रक्तातील जंतुसंसर्गापर्यंत जाऊ शकते.

जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, हळद-चुना भरू नये. रेबीज व धनुर्वाताच्या लशींबरोबरच प्रतिजैविकाबद्दलही सरकारी दवाखान्यात त्याच दिवशी विचारण्यात हयगय करू नये.