कहाण्यांचे चित्रकार : रावबहादूर धुरंधर

श्रावण लागला की हैदराबादेतील मराठी घरांतूनही कहाण्यांची पोथी बाहेर निघते. हातात अक्षता घेऊन मुले ऐकावयास बसतात आणि आटपाट नगर डोळ्यांपुढे उभे राहते. हे नगर कोणी पाहिलेले नसते. वाचणाऱ्या आजीच्या आवाजावरून ज्याने त्याने ते मनात रचावयाचे असते. पाट, कलश, गाभारा, पिंडी या वस्तू घरादारात व देवळात रोज दिसत असल्यामुळे मराठी मुलास ते अवघड जात नाही. परंतु ज्याला श्रावण माहीत नाही आणि देवघरही माहीत नाही, अशा मुलाने ते नगर कसे पाहावे?

हा प्रश्न १९१४ साली एका मराठी चित्रकारापुढे उभा राहिला. मुंबई इलाख्यातील न्यायाधीश चार्ल्स ऑगस्टस किंकेड यांनी आपल्या कहाण्या इंग्रजीत सांगितल्या व ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने त्या मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केल्या. आदितवारची कहाणी, खुलभर दुधाची कहाणी, नागोबाची कहाणी अशा आपल्या ओळखीच्या कथा त्यात आहेत. त्यांची चित्रे काढली महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी.

इंग्लंडमध्ये तोवर मुलांच्या चित्रमय पुस्तकांची परंपरा चांगली रुजली होती. लंडनचे मुद्रक एडमंड एव्हान्स हे लाकडी ठशांवरून रंगीत चित्रे छापीत. प्रत्येक रंगाचा ठसा निराळा असे आणि तो आधीच्या रंगावर नेमका बसवावा लागे. वॉल्टर क्रेन, रँडॉल्फ कॉल्डेकॉट व केट ग्रीनअवे या तिघांची पुस्तके त्यांच्याच छापखान्यातून निघाली. स्वस्त पुस्तकातही उत्तम चित्र असू शकते, हे या मंडळींनी सिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रणाच्या साहाय्याने ठसे होऊ लागले आणि चित्रकाराच्या कुंचल्याचा फटकारा कोरक्याच्या हातून न जाता पानावर उतरू लागला.

धुरंधरांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरात झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. त्या वेळी जॉन ग्रिफिथ्स हे शाळेचे प्रमुख होते. निजामाच्या हैदराबाद राज्यातील अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करवून घेतल्या होत्या. अशा शाळेत धुरंधर प्रथम विद्यार्थी व पुढे शिक्षक म्हणून राहिले. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मवृत्ताचे नावच ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असे आहे.

धुरंधरांचे खरे सामर्थ्य निरीक्षणात होते. लुगड्याचा काष्टा, पगडीचा पीळ, डोक्यावर भार घेऊन चालणाऱ्या बाईची मान, हे सारे ते रस्त्यात व बाजारात पाहून टिपीत. एडवर्ड्स यांच्या १९१२ च्या मुंबईविषयक पुस्तकात आणि रॉथफील्ड यांच्या १९२० च्या भारतीय स्त्रियांवरील पुस्तकात त्यांचा हाच गुण कामी आला. मुलांच्या पुस्तकाच्या चित्रकाराला तर तो अत्यावश्यकच असतो. खुलभर दूध घेऊन देवळात जाणारी म्हातारी परक्या मुलाला शब्दांनी कितीही समजावली, तरी तिचे लुगडे, तिच्या हातातील भांडे आणि देवळाचा उंबरठा त्याला शब्दांतून पुरते दिसत नाहीत. टीप वाचावयास मूल थांबत नाही. चित्रापाशी मात्र ते थांबते. चित्र खोटे निघाले, तर त्या मुलाच्या मनात आपला देशही खोटाच ठसतो. एका पुस्तकाच्या चित्रांवर असा मोठा भार असतो.

तो भार धुरंधरांनी उचलला, हे अभिमानास्पद आहे. पण त्यातच एक खंतही दडलेली आहे. ज्या कहाण्या मराठी घरांतून निघाल्या, त्या मराठी हातांनी सजून इंग्रजी मुलाच्या मांडीवर गेल्या. मराठी मूल मात्र बहुधा साध्या, बिनचित्राच्या पोथीतूनच त्या ऐकत राहिले. ऐकून रचलेले नगर खरोखरच श्रीमंत असते, यात शंका नाही. तरीही आपल्याच कहाणीचे आपल्याच माणसाने काढलेले चित्र पाहण्याचा अधिकार त्या मुलालाही होता. १९४४ साली धुरंधर निवर्तले. मुलांसाठी चित्रे काढणाऱ्या प्रत्येक हातावर त्यांनी हे ऋण ठेवले आहे आणि ते घरच्या मुलांपासूनच फेडावयास हवे.