फोटो चढवणारा कोण, पुसणारा कोण?

वेदान्ताचे ग्रंथ आरंभी चार गोष्टी सांगतात: अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. तिथे अधिकारी म्हणजे त्या कामाला पात्र असलेला माणूस. संकेतस्थळावरच्या फोटोंच्या दालनाला हाच अर्थ लावून बघा.

इथल्या नागपुरातल्याच एका मंडळात मी होतो. पंधरा जणांत एकच पासवर्ड. एके दिवशी जुन्या कार्यक्रमांचे फोटो गायब! कोणी पुसले, कळेना. यंत्राच्या लेखी आम्ही पंधरा जण एकच माणूस होतो ना! फोटो गेले, आणि संशयापायी मैत्रीही गेली.

आता वर्डप्रेसची मूळ रचना बघा. 'काँट्रिब्युटर' लेख लिहितो, पण फोटो चढवू शकत नाही. 'ऑथर' फोटो चढवतो आणि स्वतःचेच पुसू शकतो. 'एडिटर' इतरांचेही पुसू शकतो. कोणाला कोणती भूमिका, हे 'ॲडमिनिस्ट्रेटर' ठरवतो. अधिकार भूमिकेला चिकटलेला असतो. चिटणीसपद सुटलं की तोही सुटला पाहिजे.

विकिमीडिया कॉमन्स २००४ पासून चालू आहे. आपल्या दीक्षाभूमीचे फोटोही तिथे आहेत. खातं काढलेला कोणीही फोटो चढवतो. पुसण्याचा अधिकार मात्र निवडलेल्या प्रचालकांना. त्यांनी पुसलं तरी नावानिशी नोंद राहते, आणि दुसरा प्रचालक ते परत आणू शकतो.

म्हणून सांगतो, चढवणं सोपं ठेवा, पुसणं अवघड ठेवा, आणि प्रत्येकाला स्वतःच्या नावाचं खातं द्या. कृतीला कर्ताच सापडला नाही, तर जबाबदारी कोणाची म्हणायची?