ठोकळ्यांच्या गर्दीत पंप उपाशी!

श्रावणातली गोष्ट. आठवडाभराच्या झडीनंतर पावसाने उघडीप दिली होती. कपाशीवर तुडतुडे वाढलेले. सकाळी फवारणी करायचीच, असे ठरवून आम्ही रात्री बॅटरीचा पंप चार्जिंगला लावला आणि निश्चिंत झोपलो. पहाटे बघतो तर पंपाचा चार्जर जमिनीवर आणि त्याच्या जागी पोराचा मोबाईल! रिकामी बॅटरी पूर्ण भरायला पाच-सहा तास सहज लागतात. पंप तयार झाला तेव्हा दुपार टळली होती आणि आभाळ पुन्हा भरून आले होते.

शेतकरी बंधू-भगिनींनो, पोराला बोलून काय उपयोग? बोर्डावर सॉकेट तीन. एकात सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर, दुसऱ्यात वाय-फायचा. हे ठोकळे इतके रुंद, की शेजारचे भोक अर्धे झाकले जाते. तुमच्याही घरी थोड्याफार फरकाने हेच चित्र असणार.

मग आपण काय करतो? मल्टिप्लगला मल्टिप्लग लावतो. लोक म्हणतात, लोड वाढेल. खरे तर या ठोकळ्यांचा लोड फार नसतो. 12 व्होल्ट, 1 अँपिअरचा अडॅप्टर म्हणजे 12 वॅट. घरातले साधे 6 अँपिअरचे सॉकेट 1380 वॅटपर्यंत पेलते. दुखणे आहे ते ढिल्या जोडाचे. बऱ्याच चार्जरच्या गोल पिना 4 मिलिमीटर जाडीच्या असतात, तर आपले सॉकेट 5 मिलिमीटरच्या पिनांसाठी बनलेले. त्यात ठोकळ्याचे वजन खाली ओढते. पिन हलते, चरचर आवाज येतो, ठिणगी पडते आणि प्लास्टिक काळे पडते. अडॅप्टर कोमट लागला तर घाबरू नका. पण सॉकेटच गरम लागत असेल तर ते बदलाच. आणि त्याच बोर्डावर पाणी तापवायचा 1500 वॅटचा रॉड लावू नका, बरं का! तो एकटाच साडेसहा अँपिअर खातो.

उपाय साधा आहे. सॉकेटमध्ये ऐसपैस अंतर असलेला एक्स्टेंशन बोर्ड घ्या आणि तो फळीवर आडवा, तोंड वर करून बसवा. ठोकळा आपल्या वजनाने खाली बसेल, लोंबकळणार नाही. मात्र वर गळके पत्रे नकोत. एखादा ठोकळा फारच रुंद असेल तर वायरमनकडून फूटभर थ्री कोअर वायरला एका टोकाला पिन टॉप, दुसऱ्या टोकाला सॉकेट लावून घ्या. ठोकळा बाजूला राहतो, शेजारची जागा मोकळी होते. पंपासाठी एक सॉकेट कायमचे राखून ठेवा. ते आम्ही आता केले आहे, पण फवारणी हुकल्यानंतर!

यापेक्षा मोठा धोका अदलाबदलीचा. वायरच्या टोकाची गोल पिन अनेकदा सारखीच असते, आत बसते, म्हणून चालेल असे वाटते. पंपाची बॅटरी 12 व्होल्टची असली तरी ती भरण्यासाठी चार्जर 14 व्होल्टच्या आसपास दाब देतो. तो 9 व्होल्टच्या वाय-फायला लावला की वाय-फाय संपलाच म्हणा. उलट वाय-फायच्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर पंप रात्रभर ठेवला तरी बॅटरी पुरती भरत नाही. अडॅप्टरवर आउटपुट लिहिलेले असते. व्होल्ट यंत्राशी तंतोतंत जुळले पाहिजेत. अँपिअर तेवढेच किंवा जास्त चालतात. अधिक-उण्याची खूणही सारखी हवी. पण अक्षरे इतकी बारीक, की चष्मा लावूनही दिसत नाहीत. म्हणून आमच्या घरातल्या बायकांनी युक्ती काढली. पंपाला आणि त्याच्या चार्जरला लाल नेलपॉलिशचा ठिपका, वाय-फायच्या जोडीला पांढरा. आता लहान मूलसुद्धा चुकत नाही.

ग्रामपंचायत अधिकारी आणि सरपंच मंडळींनीही कार्यालयातल्या संगणकाच्या टेबलाखाली एकदा वाकून पाहावे. प्रिंटर, राउटर, लॅपटॉप यांच्या वायरींचा गुंता आणि त्यावर झाडूचे पाणी, हे दृश्य आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. बोर्ड भिंतीवर हातभर उंच घेतला तरी पुष्कळ झाले.

राहता राहिले बंद पडलेल्या यंत्रांचे जुने ठोकळे. कोणाच्या जोडीचा कोणता हे कळत नसेल तर मोह धरू नका. तालुक्याला ई-कचरा गोळा करतात तिथे द्या, पण उकिरड्यात टाकू नका. तेच खत उन्हाळ्यात शेतात जाते.