पाणी गेल्यावर काय उरते?

आमच्या धाराशिवकडच्या काळ्या रानाला उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. पाणी जाता जाता मातीचे कण ओढून घेते आणि जमीन आकसते. जेल वाळताना असेच घडते. १९३१ साली सॅम्युएल किस्टलर या अमेरिकी शास्त्रज्ञाने त्यावर तोड काढली. दाब आणि उष्णता इतकी वाढवायची, की द्रव आणि वाफ हा भेदच मिटावा. मग ती ओढ उरत नाही. द्रव निघून जातो, सांगाडा मात्र उभा राहतो. हा एरोजेल.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. ए. वेंकटेश्वर राव यांनी सिलिकाच्या एरोजेलवर दीर्घकाळ संशोधन केले. २००९ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सोने, चांदी, प्लॅटिनम यांच्या अतिसूक्ष्म कणांचे असे सांगाडे घडवले. हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या इंधनघटात प्लॅटिनम लागते. पण काम करतो तो फक्त त्याचा पृष्ठभाग. आतला धातू म्हणजे पडून राहिलेले भांडवल! सच्छिद्र सांगाड्यात थोडक्या धातूला मोठा पृष्ठभाग मिळतो.

बँकेत असताना कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याला मी पहिल्यांदा विचारी, ‘पाणी आहे का?’ पाणी गेल्यावर काय टिकेल, हे विचारायचे मात्र मला कधी सुचले नाही.