आखातातील पगार आणि इथला प्राप्तिकर

सुतार, वेल्डर, ड्रायव्हर म्हणून आखातात जाणाऱ्या आपल्या अनेक बांधवांचा समज असतो की, तिथल्या पगाराचा इथल्या प्राप्तिकर खात्याशी संबंध नाही. हे नेहमीच खरे नसते. सौदी अरेबिया व संयुक्त अरब अमिरातीत पगारावर प्राप्तिकर नाही. भारतात तो लागेल की नाही, हे इथल्या मुक्कामाच्या दिवसांवर ठरते.

१ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात भारतात १८२ किंवा अधिक दिवस राहणारा निवासी ठरतो. आजवर इथेच राहिलेला कारागीर नोकरीसाठी २८ सप्टेंबरपर्यंत निघाला, तर त्या वर्षी तो अनिवासी. तिथला पगार इथे करमुक्त. ऑक्टोबरात निघाला, तर मार्चपर्यंतचा तिथला पगारही इथल्या उत्पन्नात धरला जातो. म्हणून शक्य असल्यास तिकीट काढण्यापूर्वी दिवस मोजावेत. पुढे सुटीवर येतानाही हा हिशेब ठेवावा. भारतातील उत्पन्न १५ लाखांवर असल्यास नियम कडक आहेत, सल्लागाराला विचारावे.

अनिवासी झाल्यावरही इथल्या घर-दुकानाच्या भाड्यावर कर आहेच. परदेशातून पाठवलेली रक्कम एनआरई खात्यात ठेवावी. तिचे व्याज करमुक्त असते. एनआरओ खात्याच्या व्याजातून बँक ३० टक्के कर व वर उपकर कापते. एकूण उत्पन्न करमर्यादेच्या आत असल्यास विवरणपत्र भरून तो परत मिळतो.

पासपोर्टवरील शिक्के, तिकिटे व नोकरीचा करार जपून ठेवावा. चौकशी झाल्यास हेच पुरावे कामी येतात.